उसना पांढरा रंग

आबा समोरच्याच्या डोळ्यांत कधी बघायचे नाहीत. नमस्कार करायचे माणसाला आणि बघायचे त्याच्या दातांकडे. मग खिशातून निळा रुमाल काढून स्वतःच्याच नाकासमोर धरायचे आणि त्याच्याकडे टक लावून बसायचे. रुमाल खाली आला की पेशंटच्या दाताकडे बघत मोठ्यानं मोजायचे, "एक, दोन, तीन, चार, पाच." पाचाला मान वळवायची. झालं काम.

"एवढंच?" पेशंट विचारायचा. बिचारा भिगवणहून उन्हातान्हात आलेला असायचा. त्याला वाटायचं, निदान एखादं मशीन तरी तोंडात घालतील.

"पाच आकड्यांत दिसलं तर दिसलं," आबा रुमालाची घडी घालत म्हणायचे. "त्याच्या फुडं डोळा खोटं बोलाय लागतो. निळ्यावर इसावा घेतला की जरा खरं बोलतो."

तुमच्यातही कुणाच्या तोंडात कॅप असेल, तर एक सांगून ठेवते. ती तुमच्या डॉक्टरांनी बनवलेली नाही. डॉक्टर दात घासून लहान करतात, त्याचं माप घेतात आणि माप पाठवून देतात. कुठल्या तरी गल्लीतल्या खोलीत एक माणूस चिनी मातीची भुकटी कुंचल्यानं थरावर थर लावून भट्टीत भाजतो, तेव्हा तुमचा दात तयार होतो. लोकांना वाटतं सगळं डॉक्टरच करतात. पुढे पुढे डॉक्टरांनाही तसंच वाटायला लागतं.

आबांची ती खोली इंदापूरला होती. आमचा दवाखाना बारामतीत. मंगळवारी आणि शुक्रवारी ते एसटीनं यायचे, हातात जेवणाचा स्टीलचा डबा. वरच्या कप्प्यात भाकरी, खालच्या कप्प्यात कापसात गुंडाळलेले लोकांचे दात. कप्पे कधी उलटसुलट झाले नाहीत, एवढी शिस्त.

मी त्या दवाखान्यात काउंटरवर होते आणि मॅडमच्या हाताखालीही. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. मी बी.एस्सी. आमच्या पिंपळीच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. पेशंटनं नुसतं नाव विचारलं तरी डिग्रीसकट सांगायचे. आबांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव टाकून दिलं आणि 'ग्रॅज्युएट' ठेवलं. स्वतः दहावी. ते मात्र कधी कुणाला सांगताना ऐकलं नाही.

"काय ग्रॅज्युएट, दात घासलेस का? का ते पुढच्या वर्षाला हाय?"

पांढऱ्या रंगावर त्यांचा राग होता. भवानीनगरहून कारखान्यातले एक साहेब आले, पुढच्या चार कॅप करायला. आबांनी पाच मोजून नमुन्याच्या दातांच्या पट्टीतला एक दात काढला. साहेबांनी पट्टीतल्या सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवलं. आबा म्हणाले, "साहेब, हा रंग बेसिनचा असतो." साहेब ऐकतात कुठले? पैसे देणारा मी, तोंड माझं. मग आबांनी दिल्या करून तशाच. साहेबांनी महिनाभर कारखान्यात हसून दाखवलं आणि नंतर येऊन तक्रार केली, की बाकीचे दात पिवळे दिसायला लागले.

"माझे हायत तसेच हायत," आबा म्हणाले. "चार दात बोलत्यात, बाकीचे ऐकत्यात. त्याला मी काय करू?"

कॅप बसवली की ती कशी राखायची हे सांगायचं काम माझं. आबा हजर असले तर तेच सांगून टाकायचे. मऊ ब्रश घ्या. हिरडीच्या कडेला दोरा फिरवा, तिथंच घाण साठते. चहा झाला की पाण्याची चूळ भरा. मिशरी न्हाय, कोळसा न्हाय, राख न्हाय. वरची काचंसारखी साय एकदा खरवडली की डाग आत शिरतो. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "दात चमकवायचा न्हाय, राखायचा. माझा दात पिवळा पडत न्हाय. तुमचे पडत्यात. मग चूक कुणाची?"

हे मला फार गावंढळ वाटायचं. मी एक कागद टाइप केला. झेरॉक्स काढून गठ्ठा काउंटरवर ठेवला. त्यात मिशरी, कोळसा, राख यांच्या जागी तिसऱ्या ओळीत होतं: 'अपघर्षक पदार्थांचा वापर टाळावा.'

आबांनी कागद हातभर लांब धरून वाचला. "अपघर्षक? ह्यो कुठल्या गावचा?"

"ज्याला कळायचं त्याला कळतं," मी म्हणाले.

"व्हय. दवाखान्यात दोघी हायत तशा."

तर अशा या हुशारीत माझे दिवस चालले असताना माझाच दात गेला. पदवीदान समारंभ तीन आठवड्यांवर आला होता. त्या दिवशी आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, टोमॅटोचा टेम्पो मार्केट यार्डात आला होता. डिग्री घेतली तरी मी क्रेट उचलते, हे चार लोकांना दाखवायची मला हौस आली. दाखवलं. क्रेटचा कोपरा तोंडावर आला आणि वरचा पुढचा डावा दात अर्धा तुटला.

मॅडमनी मुळाचं काम केलं, तात्पुरती कॅप लावली. मला घाई होती ती फोटोची. काळा झगा, हातात सर्टिफिकेट, हसरा चेहरा. आप्पांनी त्या फोटोसाठी देवघराशेजारच्या भिंतीत आधीच खिळा मारून ठेवला होता. घरातला पहिला पदवीधर त्या खिळ्यावर लटकणार होता. तेव्हा मी विचार केला, एक दात नवा होतोच आहे, तर बाकीचेही उजळून घ्यावेत. दवाखान्यात औषध होतं, मॅडम नाही म्हणाल्या नाहीत. दोन वेळा लावलं. आरशात बघितलं तर मीच मला ओळखेना.

शुक्रवारी आबा रंग बघायला आले. रुमाल खिशातून निम्मा निघाला होता, तो परत आत गेला.

"काय लावलंस?"

"उजळून घेतले. आता याला मॅचिंग करा. फोटो आहे."

"पंधरा दिस थांब. रंग खाली बसू दे, मग बघू."

"पंधरा दिवसांत फोटो होऊन जाईल, आबा."

"फोटो एका दिवसाचा. दात किती दिवसांचा?"

मी ऐकलं नाही. त्यांनीही त्या दिवशी पाच आकडे मोजलेच नाहीत. डबा उचलला आणि गेले. मंगळवारी कॅप आणली. मॅडमनी बसवली, मी आरसा घेतला आणि माझ्या नव्याकोऱ्या पांढऱ्या रांगेत मधोमध एक सावळा दात बसला होता.

"हा माझा दात नाही," मी म्हणाले. आवाज चांगलाच चढला होता.

"तुझाच हाय," आबा शांतपणे म्हणाले. "बाकीचे उसने हायत. हा पांढरा रंग उसना हाय, ग्रॅज्युएट. त्यो आपल्या पायानं परत जाईल. तुझा रंग मला म्हाईत हाय. वरीसभर काउंटरवर बघतोय."

दुसरी करून द्यायला वेळ नव्हता. समारंभात सर्टिफिकेट घेताना फोटोग्राफर "स्माईल, स्माईल" करत राहिला आणि मी ओठ मिटून उभी राहिले. फोटो त्या खिळ्यावर लागला. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचे आणि मग हळूच मला विचारायचे, "डिग्री देताना कुणी रागावलं व्हतं का गं तुला?" शेजारची काकू म्हणाली, "लई शिकलं की हसू बंद होतं वाटतं."

मी हा राग गिळला नाही. मॅडमना म्हणाले, "आबांना आता रंग दिसत नाहीत बहुतेक. वय झालं."

एवढंच वाक्य. तुम्ही म्हणाल, त्यात काय? पण मॅडमच्या टेबलावर पुण्याच्या एका लॅबचं चकचकीत माहितीपत्रक महिनाभर पडून होतं. तिथे म्हणे कॉम्प्युटर रंग मोजतो आणि मशीन दात कोरतं. मॅडमना निमित्त हवं होतं, आणि मी ते दिलं. आबांना या परिसरात काम देणारा मोठा दवाखाना आमचाच होता. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. कामाचे कागद मीच फाइल करत होते.

त्यातच भवानीनगरच्या एक आजी आल्या. चार महिन्यांपूर्वी पुढची एक कॅप बसवलेली. ती आता खरखरीत, मळकट, कडेनं तपकिरी. आजी काउंटरवरच सुरू झाल्या, "खोटा दात दिला मला. सून म्हणती, नव्यापरीस जुनाच बरा व्हता."

मॅडमनी आबांना बोलावून घेतलं. ते आले तेव्हा मॅडम आत दुसऱ्या पेशंटमध्ये होत्या. बाहेरच्या बाकावर आबा आजींच्या शेजारी बसले. निळा रुमाल, पाच आकडे. मग दातावरून हलकेच नख फिरवलं.

"आजी, घरातलं देव कशानं घासता?"

"चिंच आन् राख. दर सोमवारी. का?"

"आन् ह्यो दात?"

"त्योबी त्याच हातानं घासून घेती की," आजी म्हणाल्या, जसं काही यात विचारण्यासारखं काही नाहीच. "देव झालं की दात. देव कसं लखलखत्यात! ह्योच मेला काळा पडतोय. जेवढा घासावा तेवढा काळा."

आबांच्या मिशा हलल्या, पण हसले नाहीत. "राख लावायची न्हाय म्हून कुणी सांगितलं न्हाय?"

"सांगितलं कुणी न्हाय. त्या पोरीनं कागद दिला. नातवानं वाचला. त्यात राख न्हवती."

तेव्हा आबांनी माझ्याकडे बघितलं. दातांकडे नाही. डोळ्यांत. मी मोजले नाहीत, पण पाच आकड्यांपेक्षा जास्त होते.

तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या. "काय झालं, आबा? चार महिन्यांत चकाकी गेली कशी?"

मी फायली सरळ करायला घेतल्या. त्या आधीच सरळ होत्या.

"माझीच भट्टी कमी पडली असंल," आबा म्हणाले. "नवीन करून देतो. आजींनी फकस्त मऊ ब्रश वापरायचा. देव येगळं, दात येगळा."

त्या क्षणी मी एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. आबांच्या विरुद्ध बोलताना मला एक वाक्य सुचलं होतंच की. त्यांच्या बाजूनं सुचलं नाही. पदवीधर माणसाला शब्दांची कमी, असं होतं कधी कधी.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी त्यांना अतिशय गोड शब्दांत सांगितलं, की दोन तक्रारी झाल्या, आता तुम्हीही आराम करायला हवा. आबा आजींची नवी कॅप द्यायला आले तेव्हा आपली जुनी मापं पिशवीत भरून घेऊन गेले. जाताना काउंटरशी थांबले. मला वाटलं, आता काढतील माझी खरडपट्टी. बरं वाटलं असतं.

"ग्रॅज्युएट, त्या कागदावर राख लिही," म्हणाले. "आन् चिंच. आन् मिशरी. लोकांच्या घरात असतं तेच लिहावं."

मी दुसऱ्याच दिवशी लिहिलं. अपघर्षक आपल्या गावी गेला.

पुण्याहून दात येऊ लागले. सुबक, गोरे, सगळे एका आईची लेकरं असावीत तसे. लोक खूश. मी मात्र हसताना तोंडावर हात धरायला लागले. आधी सावळ्या दातासाठी, मग सवय म्हणून. आरशात दात बघणं सोडून दिलं. तीन वर्षं अशीच गेली, आणि एकदा ठरवलं, ही कॅप काढून मशीनची बसवायची. मॅडमना सांगितलं. त्यांनी खुर्चीत बसवलं, दिवा ओढला, आरसा आत घातला.

"कुठली काढायची?"

"पुढची."

"पुढची, ते कळलं. डावी की उजवी?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. त्यांनी पुन्हा बघितलं, नखानं टकटक केलं, मग जुनी फाइल मागितली. मी आरसा घेऊन खिडकीत गेले. उसना रंग कधी परत गेला ते मला कळलंच नव्हतं. सगळे दात आपापल्या जागी, आपल्या रंगात, आणि आबांचा त्यांच्यात मुकाट उभा. मुळात तोच माझ्या रंगाचा होता. बाकीच्यांना यायला वेळ लागला.

त्या रविवारी मी एसटीनं इंदापूरला गेले. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं. या वेळी वाक्य तयार होतं. खोलीचं शटर बंद होतं. शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाई मशीनवरून मान वर करून म्हणाल्या, "आबा व्हय? वारलं की. सहा म्हैनं झालं. तुमी कोण?"

"त्यांची पेशंट. पुढची कॅप त्यांनी केलीये."

बाई उठून बाहेर आल्या आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. जरा जास्तच वेळ बघत होत्या. "कुठली? मला तर सगळे तुमचेच दिसत्यात."

पाठ केलेलं वाक्य कुणाला सांगणार? मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. "एक फोटो काढता? मागं शटर येऊ द्या."

"हसा मग," त्या म्हणाल्या.

हात सवयीनं तोंडाशी गेला होता. तो खाली घेतला.