आबांची एक फुंक

डॉक्टरांनी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, क्लॅरिनेटला तोंड लावायचं नाही असं बजावलं. आबांनी मुकाट मान डोलावली आणि घरी येऊन पहिला विषय काढला तो श्रावणातल्या कानबाई देवीच्या उत्सवाचा. अमळनेरच्या आमच्या गल्लीत कानबाईला निरोप देताना पुढं बँड आणि बँडात आबांची क्लॅरिनेट, हे ठरलेलं. सोमवारी सकाळी बाया देवीला डोक्यावर घेऊन बोरी नदीकडं निघत. दर दारासमोर मिरवणूक थांबे, घरची बाई ओवाळे, मग पुढं. माय गेल्यापासून आमच्या दारात ओवाळायला कोणी नव्हतं. आम्ही बापलेक मिरवणुकीत, दाराला कुलूप. तरी आबा तिथं थांबतच. बाकी गल्लीचं काय व्हायचं ते होवो, तुझ्या मायच्या दारात माझी क्लॅरिनेट थांबल्याशिवाय देवी नदीवर जाणार नाही, म्हणाले. छाती भात्यासारखी वाजत होती आणि माणूस हट्टाला पेटलेला.

मी तेव्हा जळगावच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायचो. क्लासनं भंगारात काढलेलं एक जुनं मशीन मी एस्टीच्या टपावर बांधून घरी आणलं. आबांनी नाक मुरडलं. पण माझ्या डोक्यात पक्कं होतं. आबांच्या फुंकेचा आवाज यात भरायचा आणि त्याच आवाजात यानं निरोपाची चाल वाजवायची. बँडच्या हातगाडीवर जनरेटर असतोच, मशीनही तिच्यावरच ठेवायचं.

घोळ झाला तो ऑपरेटिंग सिस्टिमचा. मशीनवर आधी होती ती चित्रांची, माउसची. दिसायला देखणी, पण म्हाताऱ्या बैलाला ट्रॅक्टरची ट्रॉली जुंपावी तसा प्रकार. मेमरी सगळी तीच खाऊन बसे, आवाजाला उरे ते चिमूटभर. बटण दाबावं आता आणि सूर यावा सवडीनं. आबा म्हणाले, याच्यापेक्षा आपला नवशिका झांजवाला बरा. राग आला, पण खोटं काय बोलले होते?

मग सगळं पुसलं आणि डॉस टाकलं. काळा पडदा, ना चित्र ना माउस. क्लासातली मंडळी हसली. जग पुढं चाललंय आणि हा बाबा मागं, म्हणाली. हसा लेको, म्हटलं. या हलक्या सिस्टिमवर चालणारा, सूर मांडायचा एक प्रोग्रॅम मला मिळाला होता, आणि आबांच्या एका सुरापुरती जागाही उरली होती. डॉक्टरांना न कळवता आबांनी माइकसमोर एकदाच फुंकलं. एवढीशी फुंक, आणि मागोमाग खोकल्याची उबळ. खोकला मी कापून टाकला. त्या एका फुंकेला वरखाली करत मशीन पुरी चाल वाजवू लागलं.

आबांनी डोळे मिटून ऐकलं. त्यांना काळजी एवढीच, की दारापाशी याला थांबवायचं कसं. मी स्पेस बार दाखवला. दाबला की बंद, पुन्हा दाबला की तिथूनच पुढं. त्यांनी तो कितीतरी वेळा दाबून पाहिला.

"सांगताच थांबस," आबा म्हणाले. "हाईच ठेव."

काय आनंद झाला म्हणून सांगू! जन्मात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाचा त्यांना उपयोग झाला होता.

निरोपाच्या सकाळी आबा हातगाडीच्या कडेला बसले, बोट बारवर. दर दारी बरोबर थांबवत. मशीन गप्प झालं की बाया कानबाईची गाणी उचलत, ओवाळून होई, आबा बार दाबत. सगळं कसं सुरळीत चाललेलं. मी तर छाती काढून चालत होतो.

मग आमचं दार आलं. आबांनी बार दाबला. ढोलवाल्यानं हात आवरले. ओवाळायला कोणी नाही, म्हणून गाणंही नाही. जनरेटरची घरघर तेवढी, बाकी सगळं मेल्यागत. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या दारात आबा थांबत म्हणजे गप्प होत नसत. एकच सूर दम संपेपर्यंत लांब धरून ठेवत, आणि तो खाली उतरला की ढोल पडे, मिरवणूक हले. इतकी वर्षं ऐकलेलं, पण कोणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. खुद्द वाजवणाऱ्याच्याही नाही.

आबा कुलपाकडं बघत राहिले.

"पाय थांबेत," ते हळूच म्हणाले. "मना सूर थांबे नही."

त्यांनी बार दाबला. चाल तिथूनच, जराही उशीर न करता, पुढं सुरू झाली.

त्यानंतर मी त्या प्रोग्रॅमच्या हात धुऊन मागं लागलो. फुंकेचा मधला तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत ठेवायची युक्ती अखेर सापडली. बार दाबून धरला की सूर लांबत राहील आणि सोडला की खाली उतरेल. आबांना ते ऐकवायचं राहूनच गेलं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी ते गेले. श्रावणात गल्लीतल्या बाया आपणहून सांगायला आल्या, गाडी आण म्हणून.

आमच्या दारात मी बार दाबून धरला. आबांचा सूर निघाला आणि लांबला. आबांचा दम कुठं संपायचा ते ढोलवाल्याला ठाऊक होतं. त्यानं टिपरी उचलली. ती जागा आली आणि गेली, सूर तसाच. बाया देवी डोक्यावर घेऊन ताटकळल्या. सोडायचं कुठं, ते मला कळेना. शेवटी ढोलवाला गाडीपाशी आला आणि त्यानं माझं बोट बारवरून उचललं.