मंगकाका

मंगकाका कानाने पुस्तकं निवडायचे. अमरावतीत परकोटाच्या आत, कापसाच्या एका जुन्या गोदामावर आमचं वाचनालय होतं आणि काका तिथले ग्रंथपाल होते. पुण्या-मुंबईहून नव्या पुस्तकांचं पार्सल पसंतीसाठी बडनेऱ्याला येई. काका शटलगाडीने जाऊन ते स्वतः मांडीवर घेऊन येत. शनिवारी सकाळची शाळा सुटली, की आम्ही दहा-बारा पोरं वाचनालयाच्या मागच्या खोलीत सतरंजीवर जमायचो. काका पार्सलातलं एक पुस्तक उघडून वाचायला लागत आणि ऐन रंगात आलं, की पटकन मिटून टाकत. मग सतरंजीकडे कान करून गप्प बसत. कोणी "मंग?" विचारलं तर पुस्तक पास, नाहीतर त्याला परत सुतळी बांधली जायची.

पुण्याकडचे लोक 'मग' म्हणतात. आमच्या वऱ्हाडात त्यावर अनुस्वार आहे, आणि काकांच्या मते पोरांची सगळी भूक त्या अनुस्वारातच होती. "'छान हाये' म्हणणारं पोट्टं खोटं बोलू शकते," ते सांगत, "'मंग' म्हणणारं नाई बोलू शकत." त्यांचं खरं नाव वाचनालयाच्या दारावरच्या पाटीवर होतं. ती पाटी आम्ही रोज पाहत असू आणि कोणीही कधी वाचली नाही.

परीक्षक निवडण्यात मात्र ते फार चिकित्सक होते. माझे वडील कचेरीत कारकून, म्हणून मी कारकुनांच्या आळीतर्फे. माझ्या शेजारी बसणारी इंदू जिनाच्या चाळीतर्फे. तिचे वडील जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हमाली करायचे. एक माळ्याचा, एक बोहऱ्याचा, दोन पाटलांच्या घरचे, अशी सगळ्या बाजूंनी गोळा केलेली पंगत होती. कोणी नाक मुरडलंच तर काका म्हणत, "एकाच आळीचे दहा पोट्टे म्हंजे एकच पोट्टं. मले दहा पायजेत." काकू घरून फुटाण्यांचा डबा पाठवत. डबा कोणाच्या हातून कोणाच्या हातात जातो, याकडे काका मुद्दाम तोंड फिरवून बसत नसत. ते सरळ इंदूच्या हातात देत आणि म्हणत, "वाट."

पुस्तक कानाच्या कसोटीला उतरलं, की त्याच्या हाडांची तपासणी व्हायची. एका पुठ्ठ्याला धरून काका ते चिंचेची फांदी हलवावी तसं हलवत. एखादं पान निसटलं, की त्यांचा चेहरा पडे. अक्षर बारीक असलं तरी नापास, कारण आमच्यातल्या निम्म्यांच्या घरी अजून कंदील होते. मोठ्या मुलांच्या पुस्तकांसाठी कपाटात वरचा कप्पा होता, आणि त्या कप्प्याची परीक्षा निराळी. चौदा-पंधरा वर्षांची पोरं सतरंजीवर बसायला लाजत. काका त्यांतल्या एकाला शनिवारी पुस्तक द्यायचे आणि सोमवारी काहीच न विचारता नुसते त्याच्या तोंडाकडे बघायचे. जागून डोळे लाल झालेले दिसले, की पुस्तक वरच्या कप्प्यात जाई. "मोठ्यांचं 'मंग' तोंडात नसते," ते म्हणत, "डोयात असते."

एवढं बोलणारा हा माणूस घरी मात्र मुका होता. मी एकदा रिकामा डबा परत द्यायला गेले, तर काकूंनी मला ओसरीवर बसवून तक्रारच केली. "शनवारी सारं बोलून येते अन् सात दिवस घरी तोंड उघडत नाई. तुमाले काय सांगते थो? मलेबी सांगत जाय ना." काकूंना वाचता येत नव्हतं, आणि वाचनालयाचा जिना त्या कधीच चढल्या नव्हत्या. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की ते सभासदांसाठी असतं. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

सत्तावन्न साल असावं. इंदूच्या घरच्यांनी आदल्या वर्षी बौद्ध धर्म घेतला होता आणि ती सतरंजीवर पूर्वीपेक्षा ताठ बसू लागली होती. त्या वर्षी काकांनी आम्हाला एका दर्यावर्दी बापाच्या मुलीची गोष्ट वाचून दाखवली. म्हणजे त्यांनी वाचली तेव्हा तो बाप दर्यावर्दी नव्हता. तो पूर्णेपलीकडच्या गावी गेलेला होता, पूर्णेला पूर आला होता, त्याचा डोंगा अंधारात भरकटला होता आणि पोरगी काठावरच्या निंबावर कंदील बांधून बसली होती. काकांनी पुस्तक मिटलं तेव्हा "मंग?" एवढ्या जोरात झालं, की खाली रस्त्यावरचा टांगेवाला वर बघायला लागला. पुस्तक विकत घेतलं गेलं आणि ते घरी न्यायला पहिला नंबर माझा होता.

पुढच्या शनिवारी मी ते घेऊन आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "काका, पुस्तक बदलून गेलं. याच्यात पूर्णा नाई, समुद्र हाये. डोंगा नाई, होडी हाये. अन् निंबबी नाई, दीपस्तंभ हाये."

नेमके त्याच दिवशी वकीलसाहेब खुर्ची टाकून बसले होते. हे वाचनालयाचे कार्यवाह. वाईट माणूस नव्हता, पण मुलांची पुस्तकं म्हणजे कडू औषध अशी त्यांची ठाम समजूत होती. प्रकाशकांच्या सूचीतून सद्वर्तनाची पुस्तकं आपण स्वतः निवडावीत, असं त्यांच्या मनात बरेच दिवस घोळत होतं. बोलायचे ते छापील मराठीत. त्यांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, दोन पानं चाळली आणि चष्म्यावरून काकांकडे पाहिलं.

"समुद्र म्हटलं असतं तर पोट्ट्याइले काय समजलं असतं?" काका पुटपुटले. "मीच कुठं पाह्यला?"

"म्हणजे मुलं पुस्तकाला नव्हे, तुम्हाला 'मग' म्हणत होती," वकीलसाहेब शांतपणे म्हणाले. "वाचनालय मात्र पुस्तक विकत घेतं."

शेवटी ठरलं असं, की येत्या शनिवारी दोन नवी पुस्तकं वाचायची, एक वकीलसाहेबांच्या पसंतीचं आणि एक काकांच्या. दोन्ही जशी छापली आहेत तशी. काकांच्या पुस्तकाला कोणी 'मंग' म्हणालं नाही, तर मुलांच्या कपाटाची निवड यापुढे कार्यवाहांकडे जाणार होती.

मी आठवडाभर धड जेवले नाही. काकांकडून शनिवार गेला, तर तो माझ्या भोचकपणाने जाणार होता. सोमवारी मी वाचनालयात गेले आणि त्यांच्या टेबलापाशी उभी राहून रडायला लागले.

"रडून काहून राहिली इमल?" काका म्हणाले. माझं नाव विमल, पण 'वि' त्यांच्या तोंडी कधी आला नाही. "तू खरं बोलली. वकीलबी खरंच बोलले. पुस्तकात दम हाये का माह्या तोंडात, हे मलेच ठाऊक नाई. आता शनवारी तूच वाचजो."

"मी?"

"जसं छापलं तसं वाचजो. होडी म्हंजे होडी. डोंगा म्हणू नको."

त्या शनिवारी चैत्राचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. खिडकीला वाळ्याचा ओला पडदा लावला होता तरी सतरंजी तापली होती. आधी वकीलसाहेबांचं पुस्तक वाचलं. त्यात एक शहाणा मुलगा गरीब वस्तीत जाऊन तिथल्या मुलांना अंघोळ करायला शिकवत होता. मी चौथ्या पानावर थांबले. सगळे गप्प. काकांनी इंदूकडे पाहिलं तशी ती उठून उभी राहिली.

"हे पोट्टे आमच्या वस्तीतले दिसतात," ती म्हणाली, "पण लिवणारा आमच्या वस्तीत आला नवता. आमी रोज आंघोळ करतो."

वकीलसाहेबांनी उपरण्याने कपाळ पुसलं. ते पुस्तक त्यांनी स्वतःच माझ्या हातातून काढून घेतलं, हे मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

मग काकांचं पुस्तक. त्यांनी तोंडात एक अखंड सुपारी धरली, म्हणजे मध्येच जीभ सुटायला नको. गोष्ट दूरच्या बर्फाळ डोंगरातल्या एका टपाल्याच्या मुलीची होती. बापाचा पाय मुरगळला म्हणून टपालाची थैली तिने पाठीला बांधली होती आणि ती एकटी निघाली होती. बर्फ आम्ही फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर, तोही लाकडाच्या भुशात गुंडाळलेला पाहिलेला. 'हिमवर्षाव' हा शब्द आला तेव्हा काकांच्या गालातली सुपारी या गालातून त्या गालात गेली, पण ते बोलले नाहीत. माझा आवाज कोरडा पडला होता. मी पान उलटायची आणि वाटायचं, की आता कोणीतरी जांभई देणार. कोणी हललं नाही. मुलगी दोरीच्या पुलावर आली, खालची नदी गोठलेली होती, अर्ध्या वाटेत पायाखालची फळी कडाडली, आणि काकांनी बोट वर केलं. मी पुस्तक मिटलं.

सगळे चिडीचूप. मी सतरंजीकडे पाहिलं. बोहऱ्याच्या मुलाचं तोंड उघडं होतं, पण त्याची नजर वकीलसाहेबांच्या खुर्चीकडे. सगळ्यांचीच तिकडे. त्यांच्यादेखत बोलायची कोणाची छाती होईना, आणि इंदूची हिंमत एका वेळेपुरती खर्ची पडली होती. काका मान खाली घालून स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"मंग?"

आवाज खुर्चीतून आला होता. वकीलसाहेब पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. आपण काय म्हणालो आणि तेही अनुस्वारासकट, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. पुढे कळलं, की त्यांचं बालपण आमच्याच वऱ्हाडात, चांदूर बाजारला गेलं होतं. सतरंजीवर असा हशा उसळला, की वाळ्याचा पडदा हलला.

काकांनी सुपारी हातात काढून घेतली. "वकीलसाहेब," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "घ्याव का मंग?"

"घ्या," वकीलसाहेब म्हणाले. "पण तिला आधी पुढचं वाचू द्या."

त्या दिवशी नियम मोडून आम्ही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. मुलगी पोचली. वकीलसाहेब फुटाणे खाऊन गेले आणि त्यानंतर अधूनमधून येतच राहिले, 'तपासणीसाठी'. मॅट्रिक होईपर्यंत शनिवारचं वाचन माझ्याकडे राहिलं. काका सुपारी धरून शेजारी बसत, आणि मला तेव्हा कळलं नाही, पण मी वाचायला शिकले ती त्या सुपारीमुळे.

पुढे मलाच अकोल्याला वाचनालयात नोकरी लागली. पाया पडायला गेले तर काका म्हणाले, "तुयी सतरंजी आता तूच टाकजो." मी टाकली. अकोल्याची पोरंही 'मंग'च म्हणतात, तेव्हा मला काही नवं शिकावं लागलं नाही. काका निवृत्त होऊन तेल्हाऱ्याला आपल्या घरी गेले, आणि दोन-तीन वर्षांत त्यांची नजर गेली. मग मी एक शनिवार आड करून दुपारच्या एस.टी.ने पार्सलातली पुस्तकं त्यांच्याकडे नेऊ लागले. ते खाटेवर सुपारी धरून बसत आणि मी ओसरीवर वाचत असे. आत काकू धान्य पाखडत असायच्या. सुपाचा आवाज यायचा आणि मी वाचायला लागले, की थोड्या वेळाने थांबायचा. मला वाटायचं, पाखडून झालं असेल.

शेवटचं पुस्तक समुद्राचंच निघालं. वादळात गेलेली एक होडी, आणि किनाऱ्यावर वाट बघणारी दोन भावंडं. एक्केचाळिसाव्या पानावर मी थांबले, कारण गाडीची वेळ झाली होती. काकांनी सुपारी काढली.

"मंग?"

"पुढल्या खेपेला," मी म्हणाले.

"हे घेऊन टाक," ते म्हणाले. "समुद्र दिसला मले."

पंधरा दिवसांनी मी गेले तेव्हा ओसरीवरची खाट उभी करून ठेवलेली होती. काका मंगळवारीच गेले होते. मला कळवायचं कोणाला सुचलं नव्हतं. पुस्तक माझ्या काखेत होतं. ते लपवावं की कुठे ठेवावं, मला समजेना. काकूंनी पाणी आणून दिलं आणि माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायची लाज वाटत होती.

"शनवार हाये आज," काकू म्हणाल्या. मग माझ्या काखेकडे बघून त्यांनी विचारलं, "मंग? थो डोंगा आला का परत?"

मी एक्केचाळिसावं पान उघडलं. जसं छापलं होतं तसंच वाचलं. फक्त होडीला डोंगा म्हटलं.