गप्प बसायचा पगार

आमच्या बाईंचा नवरा पाहुण्यांसमोर एक गोष्ट ठरलेली सांगतो. म्हणतो, "ही घरी बोलायची थांबत नाही आणि तिकडे गप्प बसायचा पगार घेते." बाई हसतात. मला नाही बाई हसू येत. गप्प बसणं किती कष्टाचं काम आहे ते मी या डोळ्यांनी पाहिलंय, आणि मला विचाराल तर पगार त्या मानाने अगदीच फुटकळ आहे.

मी त्या इमारतीची राखण करते, झाडलोट करते, चहा करते. सगळे मला मावशी म्हणतात. वरच्या मजल्यावर पूर्वी डोळ्यांचा दवाखाना होता. दवाखाना गेला, भिंतीवरचा लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता तेवढा राहिला, तो काढायचं कोणाच्या मनात येत नाही. त्या खोलीत दर आठवड्याला बाईंचा गट बसतो. गट म्हणजे कोर्टाने तुरुंगात न पाठवता इकडे धाडलेली माणसं. खुनी-दरोडेखोर नव्हेत. कोणी दारू पिऊन गाडी ठोकलेली, कोणी मारामारी केलेली, कोणी मालकाच्या सहीची नक्कल केलेली. ठरलेल्या सगळ्या बैठकांना यायचं, आणि संपायच्या आत आपण काय केलं ते सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मग बाई कोर्टाला कळवणार, याने पूर्ण केलं. पूर्ण केलं तर घरी, नाही केलं तर आत.

खोलीत कार्यालयाची दोन माणसं हवीत असा नियम आहे. बाईंच्या जोडीचा माणूस दुसरी नोकरी धरून गेला, त्याच्या जागी कोणाला नेमायला वरच्यांना सवड होईना, म्हणून कार्यालयाच्या साहेबांनी मला बसवलं. "मावशी, तुम्ही नुसतं बसायचं, बोलायचं नाही." कोणाला सांगताय, तर मला. मी आपली पडद्यांची शिलाई घेऊन दाराशी बसायला लागले. तोंड नाही तर नाही, हात तरी चालावेत.

आतलं आत राहिलं पाहिजे, हा तिथला पहिला नियम. आता मी जे सांगणार आहे ते पुढे भर कोर्टात बोललं गेलं, आणि ज्याची ही गोष्ट, त्या माणसानेच मला सांगा म्हटलंय. नाहीतर माझ्या तोंडून चकार शब्द निघाला नसता.

बाई पूर्वी वीज कंपनीच्या तक्रारखिडकीवर होत्या. बिल जास्त आलं, तार तुटली, मीटर जळला, सगळ्याचं खापर खिडकीतल्या बाईवर. आईबापांवरून शिव्या ऐकून त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली, की मधे बोललं नाही तर माणूस ओरडून ओरडून शेवटी खरं काय दुखतंय ते सांगतो. मग कोणीतरी त्यांना या कामाचं शिक्षण घ्यायला लावलं. सासूबाईंना अजून ते पटलेलं नाही. रोज संध्याकाळी विचारतात, "आज किती चोर?" बाई म्हणतात, "आज सगळे हजर होते."

गटात बाईंची पद्धत साधी. गोल खुर्च्या मांडायच्या, आणि पहिल्यांदा प्रत्येकाने आजचा दिवस कसा गेला ते सांगायचं. "ठीक" म्हणायला बंदी. ठीक म्हटलं की बाई नुसत्या बघत बसणार, समोरच्याने दुसरा शब्द शोधेपर्यंत. आणि स्वतःची गोष्ट सांगताना पळवाट चालायची नाही. टॅक्सीवाल्याने एकदा सुरुवात केली, "त्या दिवशी जरा जास्त झाली होती, आणि माझ्या हातून गाडी..." बाई म्हणाल्या, "हात कोणाचा?" तो म्हणाला, "माझा." "मग तूच चालवत होतास ना?" बिचाऱ्याला घाम फुटला. पण शेवटी त्याने सगळं सांगितलं, रडला, आणि फुटपाथवरच्या ज्या फळवालीच्या गाड्याला धडक दिली होती, तिच्याकडे स्वतः जाऊन माफी मागून आला.

सगळे हळूहळू बोलते झाले. एक तेवढा वेल्डर तोंडात गुळणी धरून बसलेला.

अंगाने धट्टाकट्टा, हातावर ठिणग्यांचे बारीक डाग. सगळ्यांच्या आधी यायचा, खुर्च्या मांडायचा, शेवटी रचून ठेवायचा, माझ्या हातातली बादलीसुद्धा घ्यायचा. पण त्याची पाळी आली की जमिनीकडे बघणार आणि म्हणणार, "कागदावर आहे सगळं." कागदावर एवढंच होतं की दोघा भावांचं एकत्र वर्कशॉप, तिथे दोघांची मारामारी झाली, थोरल्याने आधी हात उचलला आणि धाकट्याने, म्हणजे याने, लोखंडी तुकड्याने त्याचा हात मोडला. दोघांचीही चूक म्हणून कोर्टाने याला तुरुंगाऐवजी इकडे पाठवला. मला त्याचा रागच यायचा. बाबा रे, दोन वाक्यं बोलायला काय जातं तुझं? बोलला नाहीस तर बाई कोणत्या तोंडाने पूर्ण केलं म्हणून कळवणार? घरी म्हातारी आई आहे, ती कोणाच्या तोंडाकडे बघणार?

शेवटून दुसऱ्या बैठकीलाही तो तसाच. घड्याळ पुढे चाललेलं, पंखा कुरकुरतोय. आणि त्या दिवशी बाई चुकल्या.

त्यांना त्याची कीव आली, दुसरं काय. खुर्ची जराशी पुढे ओढून त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ तुला बोलला, त्याने आधी हात उचलला, तुझा तोल सुटला आणि तू मारलंस. आता तुला त्याचं वाईट वाटतं. असंच ना?"

त्याने मान हलवली.

"चला," बाई म्हणाल्या, आणि माझाही जीव भांड्यात पडला. सुटला एकदाचा, म्हटलं. तर टॅक्सीवाला ताडकन उठला. "हे बरं आहे. आमचा घामटा काढलात, आणि याचं तुम्हीच बोललात? मग मला कशाला रडवलंत? माझी पण मान होती की हलवायला."

मला वाटलं, आता बाई त्याला झापणार. त्या लाल झाल्या होत्या. पण म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. चुकले मी." मग वेल्डरकडे वळून, "मी जे बोलले ते माझं. ते धरू नकोस. पुढची बैठक शेवटची, तेव्हा तुझं तू बघ." वेल्डर त्या दिवशी खुर्च्या न रचताच निघून गेला. बाई जिन्यात मला म्हणाल्या, "मावशी, मीच त्याला आत ढकललं बहुतेक." मी परत वर जाऊन खुर्च्या रचल्या.

शेवटच्या बैठकीला तो आला. बसला, आणि पाळी यायच्या आधीच बोलायला लागला.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, दादाने आधी हात उचलला. कागदावर तसंच आहे, मी वाचलं होतं. पण मोठ्याने कोणी म्हटलेलं पहिल्यांदा ऐकलं. दादाने हात नव्हता उचलला."

माझी सुई थांबली.

"गिऱ्हाईक समोर होतं. मी केलेलं फाटक वाकडं झालं होतं. दादा म्हणाला, हे पुन्हा कर. एवढंच म्हणाला. मग तो वाकून माप घ्यायला लागला. पाठ माझ्याकडे. मी लोखंडी अँगलचा तुकडा उचलला आणि मारला. एक खांद्यावर. तो पडला, त्याने हात आडवा धरला, तर हातावर मारला. दवाखान्यात पोलीस आले तेव्हा तो म्हणाला, मीच आधी मारलं याला. मला वाचवायला म्हणाला. तेच आईने ऐकलं. आई म्हणाली, बाप गेल्यावर ज्याने सांभाळायचं त्यानेच धाकट्यावर हात टाकला. तेव्हापासून ती त्याच्या घराची पायरी चढलेली नाही. माझ्याकडे राहते. रोज मला गरम वाढते, वाढताना दादाला शिव्या घालते, आणि मी जेवतो."

टॅक्सीवाल्याने आपली पाण्याची बाटली उघडून त्याच्या हातात दिली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाई मात्र बसलेल्या, एक शब्द नाही. मग म्हणाल्या, "सांगितलंस. मी पूर्ण केलं म्हणून कळवते. हे या खोलीतून बाहेर जाणार नाही."

"कोर्टात सांगू का?" तो म्हणाला.

बाईंनी त्याला सगळं नीट समजावलं. सांगितलंस तर कदाचित आत जाशील, कारण सवलत मिळाली ती दोघांची मारामारी होती म्हणून. भावालाही खोटं बोलल्याबद्दल बोल बसतील. नाही सांगितलंस तर कागद पूर्ण आहे, घरी जाशील.

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काही म्हणत नाही."

मला इतका संताप आला. खोली रिकामी झाल्याबरोबर मी बाईंना धरलं. म्हटलं, "अहो, नको सांगूस म्हणायला काय झालं होतं? एवढं सगळं ओकला, आता घरी जाऊ दे ना त्याला."

बाई म्हणाल्या, "मावशी, जिभेच्या टोकावर होतं माझ्या. पण गेल्या वेळी मी त्याचं बोलले. आता त्याचं ठरवूही मीच?" आणि त्या दवाखान्याच्या तक्त्याखाली बसून रडल्या. मी त्यांच्यासाठी चहा केला, त्यांनी तो घेतलाही नाही.

कोर्टात त्याच्यासाठी मीसुद्धा गेले. रजा टाकून. मागच्या बाकावर त्याची आई, अंग चोरून बसलेली. थोरला भाऊ दुसऱ्या टोकाला. आई तिकडे मानसुद्धा वळवत नव्हती. न्यायाधीशांनी बाईंचा कागद वाचला, चांगलं आहे म्हणाले, आणि सवयीने विचारलं, "काही सांगायचंय?"

"हो," वेल्डर म्हणाला.

थोरला उभाच राहिला. "साहेब, त्याचं काही ऐकू नका." त्याला खाली बसवलं. धाकट्याने खोलीत सांगितलं होतं तसंच सगळं सांगितलं, पाठ, माप, अँगल, काही गाळलं नाही. त्याचा वकील कपाळाला हात लावून बसला. न्यायाधीशांनी बाईंना विचारलं, "तुम्हाला हे ठाऊक होतं?" बाई म्हणाल्या, "हो साहेब. ते त्याचं होतं, त्यानेच सांगायचं होतं." न्यायाधीशांनी थोरल्याला चांगलं फैलावर घेतलं आणि ताकीद देऊन सोडलं. धाकट्याला म्हणाले, तू कार्यक्रम पूर्ण केलास, स्वतःहून सांगितलंस, म्हणून कमीत कमी देतोय. तीन महिने. त्याला घेऊन गेले तेव्हा मी त्याच्या आईकडे बघितलं. ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

पुढच्या आठवड्यात नवा गट सुरू झाला. माणसं गेली, मी खुर्च्या रचतेय, बाई खिडक्या लावताहेत, तेवढ्यात थोरला भाऊ जिना चढून आला. उजव्या हाताची मूठ वळत नव्हती, बोटं अर्धवट उघडी. मी कोर्टात एवढं बघितलं नव्हतं.

"मिळालं समाधान?" तो बाईंवर ओरडला. "मी सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या, आई गमावली, सगळं कशासाठी? तो आत जाऊ नये म्हणून. आणि तुम्ही त्याला इथे बसवून शहाणपण शिकवलंत. तुमचं काय जातं? तुमचा भाऊ आहे का आत?" अजून बरंच बोलला, ते इथे सांगण्यासारखं नाही. मी पुढे झाले होते, त्याला दाखवणारच होते जिना. बाईंनी मला हातानेच थांबवलं. स्वतः तशाच उभ्या, त्याच्याकडे बघत.

त्याचा श्वास संपला. मी रचलेल्या खुर्च्यांमधली एक त्याने ओढून घेतली आणि बसला.

"त्याला भेटायला कधी सोडतात?" त्याने विचारलं.

"गुरुवारी," बाई म्हणाल्या.

"आई येते म्हणतेय." मग म्हणाला, "काल आली माझ्याकडे. पिशवी घेऊन. एक शब्द बोलली नाही, सरळ स्वयंपाकघरात गेली, मला ताट वाढलं आणि समोर बसली. मी डाव्या हाताने जेवतो हे तिला माहीतच नव्हतं. उजव्यात घास धरता येत नाही. ती बघत राहिली. मग ताट आपल्याकडे ओढून तिने घास केला." त्याने तोंड पुसलं. "पन्नाशीला आलोय मी. बायकोपोरांसमोर बसून आईच्या हातून सगळं ताट जेवलो."