दोरी धरून ठेवा

मोनीबाय गेल्याचा फोन आला तेव्हा माझा एक हात वर होता. मीरा रोडला, एका शिकवणीच्या खोलीत, आमच्या ट्रायथलॉन मंडळाची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एका दमात करणाऱ्यांची, बैठक चालली होती. मुंबईतली एक मोठी शर्यत भरवणारी मंडळी आमची उत्तनची छोटी शर्यत आपल्यात सामील करून घ्यायला तयार होती. बंदोबस्त, छातीवर नंबर, गळ्यात पदक, सगळं ते बघणार होते. अटी दोनच. सायकल दोन चाकांची हवी आणि ठरलेल्या वेळेनंतर शर्यत बंद. या अटींनी कोण बाहेर जाणार हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी ‘मान्य’ म्हणून हात वर करणाऱ्यांत मी होतो. फोनवर मोनीबायचा मुलगा, आल्विन. “अंकल, मम्मी गेली... झोपेतच.” मी हात खाली घेतला. पण तो वर गेला होता, आणि ते आता पुसता येत नाही.

मोनीबाय उत्तनच्या कोळीवाड्यातल्या. लहानपणी पोलिओने डावा पाय वाळलेला. तीनचाकी सायकलला मासळीची पेटी लावून, एका पायाच्या जोरावर, त्या शेजारच्या राई-मुर्धा गावांपर्यंत विकायला जायच्या. माझं मूळ गाव परभणीकडचं. मला विहिरीतसुद्धा पोहता येत नव्हतं. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी साखरेची भीती घातली म्हणून मी या मंडळात आलो, आणि पहिल्याच दिवशी गुडघाभर पाण्यात थिजून उभा राहिलो. मागून आवाज आला, “ओ ऑफिसवाले, दर्याला काय सलाम ठोकता? आडवे व्हा!” पाठीखाली हात धरून त्यांनी मला तरंगायला शिकवलं. माझी नजर त्यांच्या पायाकडे जात होती, ते त्यांनी बरोबर टिपलं. “पाय बारीक हाय. दर्या बारीक हाय काय?”

पाण्यात त्या आम्हा सगळ्यांच्या पुढे असायच्या. मग सायकलवर मागे पडायच्या आणि धावायचा टप्पा काठी टेकत चालून पुरा करायच्या. त्यामुळे दरवर्षी शेवटी त्याच. कुणी चिडवलं तर म्हणायच्या, “माझे मागं कोन राहील? म्हावऱ्याचा वास येतो ना!”

शर्यत संपायची ती त्यांच्या दारात. पहिल्या वर्षी तिथे खूण करायला काहीच नव्हतं, तेव्हा त्यांनी घरातली जुन्या जाळ्याची दोरी काढली आणि एक टोक ओट्याच्या खांबाला बांधलं. समोर दुसरं टोक बांधायला काही सापडेना. आल्विनला त्यांनी बजावून ठेवलं, “जो पहिला येल त्याचे हातात दे. मी येईपर्यंत सोडायची न्हाय.” दुसरा आला, त्यानेही धरली. तिसऱ्यानेही. शेवटी मोनीबाय आल्या तेव्हा सगळ्यांनी मिळून दोरी खाली केली आणि त्या ओलांडून गेल्या. तेव्हापासून आमच्याकडे तीच रीत पडली. जो लवकर येतो, त्याला जास्त वेळ दोरी धरून उभं राहावं लागतं.

आणि इथेच मी कमी पडलो. माझा वेग वाढत गेला, तसं ते उभं राहणंही वाढत गेलं. उन्हात हात भरून यायचे. मनात यायचं, या बाई कशाला येतात? रोज सायकल चालवतातच की, आणखी काय दाखवायचंय? त्या आल्या की टाळ्या मात्र मीच मोठ्याने वाजवायचो. आमच्यातला नया नगरचा सादिकभाई गुडघ्याखाली कृत्रिम पाय लावून धावतो. त्याने एकदा मला हळूच सांगितलं, “भाई, रस्सी ढीली मत छोड़ो. उनको दूर से दिखती है.” मी दोरी ताणून धरली. लाज तेव्हा वाटली नाही, ती आता वाटते आहे.

दफनानंतर आम्ही ओट्यावर बसलो होतो. दोरी खांबाला गुंडाळलेली होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, “मी हात वर केला होता. मला माफ करा.” सादिकभाई म्हणाला, “हम से क्यों? माफ़ी उससे माँगना, जो इस साल आख़िरी आएगा.” बैठकीतला होकार मागे घ्यायचं सगळ्यांनी तिथेच ठरवलं, आणि त्याच ओट्यावरून मी मुंबईच्या मंडळींना फोन लावून नकार कळवला. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी विचारलं, “मग तुमची शर्यत संपते तरी कधी?”

“शेवटचा माणूस येतो तेव्हा.”

“याला स्पर्धा म्हणत नाहीत हो.”

“नका म्हणू,” मी म्हणालो.

गेल्या रविवारी आम्ही शर्यत घेतली. आल्विनने मोनीबायची तीनचाकी बाहेर काढली आणि म्हणाला, “अंकल, तुम्ही चालवा.” ती चालवणं म्हणजे काय असतं ते मला पहिल्याच चढावर कळलं. राईच्या रस्त्यावर एकेक जण मला मागे टाकून गेला. पुढे धावायच्या टप्प्यात, वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून, मी धावू शकलो नाही, चाललोच. शेवटच्या वळणावर मान वर केली आणि पाय थांबले. खांबापासून पार रस्त्याच्या कडेपर्यंत माणसं दोरी धरून उभी होती. घामेजलेली, वैतागलेली, उन्हाने डोळे बारीक केलेली... आणि दोरी ताठ. इतकी वर्षं मी ती धरली होती, समोरून कधी पाहिलीच नव्हती. मोनीबाय दरवर्षी का यायच्या हे मला विचारायचं होतं ना, त्याचं उत्तर त्या वळणावर होतं. “ऐ ऑफिसवाले, चल ना,” सादिकभाई ओरडला, “हाथ दुख रहा है!”

ती तीनचाकी आता आमच्या इमारतीखाली, माझ्या पार्किंगमध्ये उभी आहे. वास येतो अशी तक्रार झाली. सेक्रेटरी म्हणाले, “अहो, निदान धुऊन तरी घ्या.” मी धुतलेली नाही. ज्याला दोन चाकं जमत नाहीत, त्याने पुढच्या वर्षी ती घेऊन जावी. वेळ लागला तर लागू दे. दोरी आम्ही धरून आहोत.