नत्रावरची मात्रा

गोठ्यात शिरले की साहेब आधी चष्मा काढायचे, गव्हाणीपाशी उकिडवे बसायचे आणि डोळे ताणून वाट बघायचे. डोळ्यांत पाणी आलं की स्वारी खूश. "झोंबलं! चाललं तुमचं नत्र हवेत!"

नव्वदच्या दशकात वणीकडच्या आमच्या दूध संस्थेवर नाशिकहून स्कूटरवर येणारे हे सल्लागार. दूध वाढावं म्हणून आम्ही गाईंपुढं सरकीची पेंड ओतत होतो आणि हे गृहस्थ सांगणार, पेंड कमी करा. अशा माणसाला तुम्ही तरी चहा विचारला असता का?

"युरियात असतं तेच नत्र पेंडीत. जास्तीचं गाय ठेवून घेत नाही, शेणामुतातून बाहेर टाकते. थोडं हवेत, बाकीचं जमिनीत. सांगा, मूत कुठं जातं?"

"माझं का गाईचं, साहेब?" मी विचारलं. डेअरीतले लोक कॅन खाली ठेवून हसले. साहेब हसले नाहीत. माझ्या गोठ्याचा ओघळ विहिरीकडं जायचा आणि माझ्याकडचा पाण्याचा पेला ते तसाच परत करायचे. शहरी नखरे, आम्ही म्हणायचो.

मग त्यांनी 'नत्र शिबिर' ठेवलं. आमच्या पेंटरला वाटलं, साहेब मात्रा विसरले. त्यानं फलकावर ती घातली. 'नेत्र शिबिरा'ला शेतकरी आले तीन आणि मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्या पन्नासेक. पहिल्या रांगेत माझी आई.

दुसरा असता तर पळाला असता. साहेबांनी आईला विचारलं, "आजी, डोळ्यांना झोंबतं का?"

"गोठ्यात गेलं का लय झोंबतं, बाबा."

"तेच ते नत्र!" त्यांनी तासभर म्हाताऱ्यांना खतखड्डा शिकवला. आणि पुढच्याच आठवड्यात खटपट करून आईचा मोतीबिंदू नाशिकला काढवून आणला.

पट्टी सुटून आई घरी आली आणि विहिरीकाठचा काळा ओघळ तिला दिसला. "मेल्या, हे पाजत व्हतास मला?" तिनं हंडा उचलला तो शेजाऱ्याच्या विहिरीवर. गावभर माझी शोभा झाली. पंधरा दिवसांत मी ओघळ वळवून पक्का खड्डा बांधला, पेंड मापात आणली. दूध तेवढंच राहिलं, पण साहेबांना मुद्दाम सांगितलं नाही. हलकटपणाच तो. पुढं ते निवृत्त झाले आणि यायचे थांबले.

विहीर निवळायला वर्षं लागली. तपासणीत पाणी चांगलं निघालं, तेव्हा बाटली भरून मी त्यांच्या घरी गेलो. एकदा तरी त्यांनी माझ्या विहिरीचं पाणी प्यावं, एवढीच इच्छा होती. भिंतीवर हार घातलेला फोटो होता.

"कुणी पाणी आणलं तर आधी रिपोर्ट बघ, असं बजावून गेलेत," साहेबांच्या पत्नी म्हणाल्या. मी खिशातून कागद काढला. त्यांनी साहेबांचा चष्मा लावून तो ओळ न् ओळ वाचला आणि पेलाभर पाणी पिऊन टाकलं.

माझ्या डोळ्यांना झोंबत होतं. तिथं तर गोठाही नव्हता.