गाडीचा दिवा गेला, त्याची गोष्ट

गाडीचा बल्ब बदलायला मला पाच मिनिटं लागतात. तो कसा गेला हे सांगायला माणसाला अर्धा तास लागतो. पंक्चरवाल्याकडं कुणी असं बसत नाही. खिळा घुसला, काढला, विषय संपला. पण दिवा गेला की माणूस अंधारात कुठंतरी घाबरलेला असतो आणि ते कुणालातरी सांगितल्याशिवाय त्याला बरं वाटत नाही. मग तो माझ्या बाकड्यावर बसतो.

लष्करात सतरा वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं आणि सुटून आल्यावर आष्ट्यात सांगली रोडला दुकान टाकलं. मी गाडीखाली असतो आणि काउंटरवर आमची मंडळी, सुनंदा. कुठला फ्यूज कुठल्या खणात आहे हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. कुणाचा कुठला किस्सा खरा, हेही तीच ओळखते. त्यातले हे चार-पाच तिच्या पसंतीला उतरलेले.

*

आमच्या शेजारच्या गावात भूपालअण्णा म्हणून जैन शेतकरी आहेत. पंधरा एकर ऊस, स्वतःचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. दर गळीत हंगामाला मी त्यांना सांगायचो, अण्णा, ट्रॉलीला मागं दिवे लावून घ्या, निदान रिफ्लेक्टर तरी. ते हसायचे. म्हणायचे, ट्रॉलीत हत्तीएवढा ऊस दिसतोय, त्याला आणि दिवा कशाला?

एकदा दिवस मावळल्यावर ते मोटरसायकलवरून सांगलीहून येत होते. समोरून एक गाडी फुल्ल अप्पर मारत आली. डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालं. गाडी गेली, नजर ठरली, तर समोर दहा हातांवर उसाची भिंत. अण्णांनी हँडल मारलं आणि मोटरसायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत गेले. गुडघा फुटला, धोतर फाटलं, पण जीव वाचला.

उठले ते थेट ट्रॉलीमागं पळत सुटले. ट्रॅक्टर काय, चालत गाठता येतो. आडवे झाले, ट्रॅक्टर थांबवला आणि तोंडाला येईल ते बोलायला लागले. ड्रायव्हरनं थंडीसाठी टॉवेल तोंडाला गुंडाळलेला. तो आपला खाली मान घालून ऐकतोय.

शेवटी अण्णा म्हणाले, "मालक कोण रं तुझा? फोन लाव त्याला. आत्ता लाव."

ड्रायव्हरनं तोंडावरचा टॉवेल काढला. म्हणाला, "अण्णा, तुमीच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडतोय तोवर दोन्ही ट्रॉल्या दारात उभ्या. अण्णा मला टाळून थेट काउंटरवर गेले. सुनंदाला विचारलं, एका ट्रॉलीला किती रिफ्लेक्टर लागतात? ती म्हणाली आठ. अण्णा म्हणाले, एकेकीला सोळा लावा. आता गळीत सुरू झालं की ते रिफ्लेक्टरचं पुडकं घेऊन कारखान्याच्या रांगेत जातात आणि परक्यांच्या ट्रॉल्यांनाही चिकटवत बसतात. कुणी विचारलं तर सांगतात, माझाच एक माणूस मागनं येतोय, त्याला दिसायला पाहिजे.

*

वैशालीताई आरोग्य उपकेंद्रात नर्स आहेत. स्कूटीवरून वाड्यावस्त्या फिरतात, लसीचा डबा पायापाशी. एकदा आल्या आणि म्हणाल्या, दादा, हॉर्न वाजत नाही, तेवढा बघा. पण घाई नाही, हल्ली हॉर्नची गरजच पडत नाही.

मी म्हटलं, असं कसं? तर म्हणाल्या, आठ दिवसांपासून रस्त्यावरची माणसं एकदम सुधारली आहेत. चौकात गाड्या थांबतात, पुढं जा म्हणून हात करतात. मागचे ट्रकवालेसुद्धा घाईनं ओव्हरटेक करत नाहीत. परवा तर एका बसवाल्यानं बस थांबवून वाट दिली.

मी गाडी चालू केली. उजवा इंडिकेटर लुकलुकतोय. बटण अडकलेलं आणि टिकटिक करणारा बझर मेलेला, त्यामुळं त्यांच्या कानाला काहीच नाही. आठ दिवस या बाई उजवीकडं वळतोय असं सांगत सरळ चालल्या होत्या!

मी सांगायला तोंड उघडलं, तर सुनंदानं काउंटरवरून डोळे मोठे केले. मी मुकाट पाना उचलला. हॉर्न बसवला, इंडिकेटर दुरुस्त केला.

दोन दिवसांनी ताई परत आल्या, चेहरा उतरलेला. म्हणाल्या, हॉर्न बसवल्यापासून कुणी थांबतच नाही, माणसांना हॉर्नचा राग येतो बहुतेक. मग मात्र सुनंदानंच त्यांना बाकड्यावर बसवून खरं काय ते सांगितलं.

मला वाटलं हसतील. त्यांनी वळून रस्त्यावरच्या गाड्यांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आठ दिवस इतक्या अनोळखी माणसांनी मला सांभाळलं."

*

आष्ट्यातल्याच एका पोरानं, प्रतापनं, नवी जीप घेतली आणि टपावर चार पांढरे दिवे बसवायला आला. असले दिवे, की समोरच्याला दिवाळी आणि आंधळेपण एकदम. मी नको म्हटलं तर तो दुसरीकडं जाऊन बसवणार. म्हणून म्हटलं, आधी तात्पुरते जोडू, ट्रायल घेऊ, मग पक्के करू.

अंधार पडायला लागला होता. दिवे बॅटरीला जोडले आणि त्याला म्हटलं, शंभर पावलं लांब जा, आणि तिकडनं आपण सायकलवर येतोय असं समजून इकडं चालत ये.

तो लांब गेला. मी दिवे लावले. पहिली वीस पावलं ऐटीत आला. मग डोळ्यांवर हात धरला. मग रस्ता सोडून तिरका झाला आणि शेजारच्या रसवंतीच्या टेबलावर जाऊन आदळला. दोन ग्लास फुटले.

तिथंच टेबलाला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, माझी आई रोज पहाटे ह्याच रस्त्यानं देवळात जाते."

दिवे काढले. पुढच्या आठवड्यात त्याच्या आईनं काकवीची बरणी पाठवली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. पोरगा म्हणाला काकांना दे, म्हणून दिली. प्रतापनं नंतर आपल्या तीन मित्रांनाही ट्रायलला आणलं. रसवंतीवाला आता अंधार पडायच्या आत टेबल आत घेतो.

*

माझा लष्करातला मित्र हणमंत, रहिमतपूरचा. सुटल्यावर बसवर ड्रायव्हर झाला. ऑगस्ट महिन्यात सकाळी तो वाईहून पाचगणीला निघाला होता. बसमध्ये चाळीस माणसं, त्यातली निम्मी शाळकरी मुलं. पसरणीच्या घाटात दोन वळणं चढली आणि धुकं असं उतरलं की बसच्या काचेपुढं दूध सांडल्यासारखं झालं. दरी कुठल्या बाजूला एवढंच ठाऊक, किती लांब ते नाही. घाटात थांबावं तर मागून येणारा आदळायचा.

तेवढ्यात पुढं दोन लाल ठिपके दिसले. भाजीचा टेम्पो. हणमंतनं त्याच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवली. तो वळला की वळायचं, तो थांबला की थांबायचं. हणमंतच्या म्हणण्याप्रमाणं टेम्पोवाला इतका समजूतदार, की बस जरा मागं पडली की थांबून वाट बघायचा. असा अर्धा तास त्यानं बसला बोटाला धरून वर नेलं.

माथ्यावर आल्यावर हणमंतनं बस कडेला लावली आणि टेम्पोवाल्याचे आभार मानायला उतरला. तर तोच समोरून पळत आला आणि हणमंतचे दोन्ही हात धरले.

म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, देवासारखे मागं राहिलात. माझे दोनी हेडलाइट खालीच बंद पडलेत. तुमच्या उजेडात कठडा बघत बघत आलो."

हणमंत ही गोष्ट सांगताना अजूनही मध्येच थांबतो. चाळीस माणसं होती, म्हणतो.

*

आता ही शेवटची माझीच. सुनंदा म्हणते, लोकांना सांगू नका, धंद्यावर परिणाम होईल.

गेल्या हिवाळ्यात तिच्या थोरल्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बघायला म्हणून आम्ही मोटरसायकलवर सांगलीला गेलो. मध्ये आमची पाच वर्षांची नात, चिऊ. परत निघता निघता सूर्य बुडाला. माझ्या मोटरसायकलचा मागचा दिवा तीन आठवड्यांपासून गेला होता. दुकानात बल्बचे डबेच्या डबे, पण रोज म्हणायचो, उद्या लावू.

कृष्णेचा पूल ओलांडला आणि काही वेळानं एक ट्रक मागं लागला. वीस पावलांवर, डिपर लावून. मी हात करून पुढं जा म्हटलं. जाईना. मी वेग कमी केला, त्यानंही केला. मी वाढवला, त्यानंही वाढवला. चिऊ सुनंदाच्या अंगावर रेलून झोपलेली. सुनंदा कानाशी म्हणाली, "आवं, कडंला घ्या, मला भीती वाटाय लागलीय." मी एका चहाच्या टपरीपाशी थांबलो. ट्रकही मागं थांबला, दोन्हीकडचे इंडिकेटर चालू करून. आम्ही निघालो, तोही निघाला. मागून भरधाव येणाऱ्या गाड्या त्याला बघून लांबनं वळसा घेऊन जात होत्या, ते मला दिसत होतं, पण डोक्यात राग भरलेला. कळत काहीच नव्हतं.

आष्ट्यात आलो आणि आमच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं, गाडी स्टँडला लावली. ट्रक थांबलाच. मी बाह्या सरसावत त्याच्याकडं निघालो. सुनंदा मागून म्हणतेय, वाद घालू नका, पोरगी जागी होईल.

ड्रायव्हर खाली उतरला. कर्नाटकाकडचा असावा, कपाळाला भस्म, मराठी थोडं तुटक. मी काही बोलायच्या आत त्यानंच विचारलं, पोर झोपली का? मग म्हणाला, "अण्णा, मागं दिवा नाही तुमच्या. पुलाच्या पुढं एकदम समोर दिसलात. माझा ब्रेक लागला. दुसऱ्याचा लागला नसता."

त्याला खरं तर अलीकडच्या फाट्यावरून एका कारखान्याकडं वळायचं होतं. ते वळण सात किलोमीटर मागं राहिलं होतं.

माझी वर केलेली बाही तशीच राहिली. सुनंदा चिऊला खांद्यावर घेऊन जवळ आली आणि एका हातानं त्याला नमस्कार केला. तो संकोचला. ट्रकमध्ये चढता चढता त्यानं रस्त्याच्या पलीकडं माझ्या बंद शटरकडं बोट केलं.

"समोरच दिव्याचं दुकान हाय बघा, अण्णा. सकाळी उघडलं की लावून घ्या."

मी म्हटलं, "व्हय. घेतो लावून."