दुकानाचा डेटा हलवला ती संध्याकाळ

हे मी बायकोलाबी सांगितलं नाय, आणि ती गेली. आता तुम्हाला सांगतोय — का, ते मला तरी कुठं ठावं?

छावणी भागात माझं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. शाळा चौथीपर्यंत, पण कुठला नग कुठल्या कप्प्यात ते तोंडपाठ — त्याची घमेंड लई. सून आली, मनीषा, आणि तिनं सगळं कॉम्प्युटरात घातलं. गिऱ्हाईक एका तक्त्यात, माल दुसऱ्यात, कुणी काय नेलं ते तिसऱ्यात, सगळं एकमेकांना बांधलेलं. मग जुनं मशीन थकलं, नवं आणलं. मनीषानं काळ्या पडद्यावर दोन-तीन ओळी टाइप केल्या. म्हणाली, मामा, सगळं आता नव्यात चाललंय, पडदा काही बोलायचा नाय, सकाळपर्यंत मेन स्विच तेवढा चालू राहू द्या.

राहू द्या — हे मला सांगायचं? शटर ओढायच्या आधी मेन मीच बंद करत आलो. कधी कुणाला विचारलं? पडद्याकडं पाहिलं. काही हलत नव्हतं, नुसती एक रेघ लुकलुकत होती. म्हटलं, कसलं काम अन् कसलं काय —

स्विच खाली ओढला.

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन वर केला. नव्या मशीनमधे गिऱ्हाइकांची नावं आलेली, माल अर्धाच, तिसरा तक्ता रिकामा. माझा पोरगा, तिचा नवरा, गिऱ्हाइकांदेखत मनीषावर खेकसला — चुकीचं टाइप केलंस, आता कॉम्प्युटरला हात लावायचा नाय. मी तिथंच बेअरिंग पुसत उभा. तोंड उघडलं? नाय.

मशीन कधी बंद पडलं ती वेळ मनीषानं शोधून काढली. दुकान बंद व्हायची वेळ. एकदा माझ्याकडं पाहिलं. जुन्यातलं तिनं काहीच पुसलं नव्हतं, म्हणून दुकान वाचलं. नवऱ्याच्या हातापाया पडून तिनं दुपारी पुन्हा काम लावलं, आणि मला म्हणाली, "मामा, मेनपाशी तुम्ही बसा. तुमच्याशिवाय त्याला कोण हात लावतं?"

बसलो. संपेपर्यंत हललो नाय.

आज दुकान तीच चालवते. माझं ध्यान गळत चाललंय, कप्पे आठवत नाय. वैजापूरहून फोन आला की ती पडद्यावर बघून नग सांगते, अन् लोक म्हणतात मामांचं दुकान. देवापुढं हात जोडले की पहिली तीच आठवते.

पोरगा अजून पाहुण्यांत थट्टा करतो — हिनं एकदा अख्खं दुकान पुसलं होतं. सगळे हसतात. मनीषाबी हसते, चहा पुढं करते.

मागल्या रविवारी मीबी हसलो.